‘वसंत केक’ : एका नामांतराची गोष्ट

‘‘दार आपटू नकोस बाळा, पीठ फुगतंय.’’

सुझ्दालमधल्या त्या लाकडी घरात शिरताना कानावर पडलेले हे पहिले वाक्य. एप्रिल १९८४, शुक्रवारची रात्र. मॉस्कोच्या मैत्री विद्यापीठात मी तेव्हा शिकत होतो. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणाऱ्या रशियन मित्राबरोबर त्याच्या आजीकडे आलो होतो. परदेशी विद्यार्थ्याला मॉस्कोबाहेर जायला परवानगी लागे. ती मी रीतसर काढली होती आणि अर्जात कारण लिहिले होते, ‘प्राचीन रशियन वास्तुकला पाहणे’. ते अगदीच खोटे नव्हते. कूर्स्क स्थानकावरून व्लादिमीरपर्यंत तीन तासांचा रेल्वेप्रवास आणि पुढे बस. सुझ्दालला रेल्वे नाही. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग त्या गावाला बाजूला ठेवून व्लादिमीरवरून गेला. गावाचा व्यापार आटला, मोठे कारखाने आले नाहीत, आणि म्हणूनच जेमतेम दहा हजार वस्तीच्या त्या गावात कामेन्का नदीच्या दोन्ही अंगांना डझनावारी जुनी चर्च आणि मठ उभे राहिले. पर्यटकांना दाखवायच्या जुन्या गावांच्या ‘सोनेरी वर्तुळा’त सुझ्दालचा मान मोठा होता.

आजी स्वयंपाकघरात कुजबुजत बोलत होती. एरवी ती कडाडून बोलणारी बाई, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. कोपऱ्यात एनॅमलची मोठी बादली जुन्या रजईत गुंडाळून ठेवली होती, आजारी मुलाला ठेवावे तशी. खिडक्या बंद, टीव्हीचा आवाज बंद. ‘‘हे काय चाललंय?’’ मी मित्राला विचारले. उत्तर आजीने दिले, ‘‘वसंत केक,’’ आणि ती हसली. मित्रही हसला. त्या हसण्यातला विनोद मला कळला नाही. तो पुरता कळायला पुढे बरीच वर्षे गेली. मी इतिहासाकडे वळलो, ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे उपसले, आठवणींची पुस्तके वाचली. हा लेख त्या विनोदाविषयी आहे.

बादलीतल्या पिठाचे खरे नाव ‘कुलिच’. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती रशियाचा हा ईस्टरचा केक. केक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतो तसा तो नसतो. यीस्टने फुगवलेला, उंच नळकांड्यासारखा, पावाच्या कुळातला, पण पावाहून कितीतरी श्रीमंत. मैदा, दूध, लोणी, साखर, बेदाणे, वेलदोडा, जमल्यास केशर, आणि अंड्यांचे पिवळे बलक. माथ्यावर पांढरा साखरेचा लेप आणि त्यावर रंगवलेले वरीसारखे दाणे. वेलदोडा आणि केशर ही नावे ऐकून मला घरची आठवण झाली, हे सांगायला हवेच. शब्द मूळचा ग्रीक, गोल पावासाठी वापरला जाणारा. युक्रेनमध्ये आणि दक्षिण रशियात याच केकला ‘पास्का’ म्हणतात. मराठी बायबलात ज्याला ‘वल्हांडण’ म्हटले आहे, त्या ज्यूंच्या सणाच्या नावावरून तो शब्द आला. उत्तरेकडे मात्र ‘पास्खा’ म्हणजे कुलिचच्या शेजारी ठेवायचा, लाकडी साच्यात दाबून केलेला ताज्या पनीरचा गोड मनोरा. त्याच्या अंगावर साच्यातली दोन अक्षरे उमटतात. ‘ख्रिस्त उठला आहे’ या रशियन शब्दांची ती आद्याक्षरे.

या केकमागे श्रद्धा आहे तसा हिशोबही आहे. ईस्टरआधीचा उपवास सुमारे सात आठवड्यांचा. त्यात मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडी नाहीत. पण कोंबड्यांना उपवास नसतो! उत्तरेतला लांब हिवाळा सरत आला, दिवस मोठे झाले, की त्या नेमक्या याच काळात पुन्हा अंडी घालू लागतात. गाई वितात. सात आठवड्यांत घरात साठलेले हे सगळे एका दिवशी संपवायचे असते. उपवास सोडण्यासाठी रशियन भाषेत स्वतंत्र क्रियापद आहे, आणि त्याला आपल्या ‘पारणे फेडणे’ याइतका चपखल शब्द युरोपातल्या भाषांत मला सापडलेला नाही. कुलिच हे पारण्याचे अन्न. येलेना मोलोखोवेत्स या बाईंचे ‘तरुण गृहिणींना भेट’ हे पाकशास्त्राचे पुस्तक १८६१ साली निघाले आणि क्रांतीपर्यंत घरोघरी राहिले. त्यातल्या ईस्टरच्या पाककृतींत अंडी डझनांनी मोजलेली आहेत. क्रांतीनंतरच्या टंचाईत ती पाने काढून बायका नुसत्या वाचत बसत, असे आठवणींत सापडते.

पिठाचे लाड मात्र गरीब-श्रीमंत सगळ्या घरांत सारखेच. आवाज करायचा नाही, दार आपटायचे नाही, वाऱ्याची झुळूक लागू द्यायची नाही. पीठ बसले तर वर्ष वाईट जाणार, घरात कोणी जाणार. भट्टीतून निघालेला गरम कुलिच उभा ठेवला तर स्वतःच्या वजनाने खचतो, म्हणून त्याला पिसांच्या उशीवर आडवा निजवतात आणि अधूनमधून कूस बदलतात. आजीने शनिवारी पहाटे हे सगळे माझ्यासमोर केले. गुड फ्रायडेला भट्टी लावू नये असे ती मानत होती, म्हणून बारा वाजून गेल्याची खात्री करून मगच तिने चूल पेटवली. त्याआधीच्या गुरुवारला तिथे ‘स्वच्छ गुरुवार’ म्हणतात. घर झाडायचे, पडदे धुवायचे, कांद्याच्या सालीत उकळून अंडी तांबडी-तपकिरी करायची. आपल्याकडच्या दिवाळीआधीच्या धांदलीची आठवण येणारच.

शनिवारी हा केक चर्चमध्ये न्यायचा. आवारात लांब टेबलांवर तो मांडायचा, त्यात मेणबत्ती खोचायची, धर्मगुरूने कुंचल्याने पवित्र पाणी शिंपडायचे, आणि मग तो अख्खा घरी आणायचा. ‘अख्खा’ या शब्दावर भर आहे. घरच्यांनी एकत्र बसल्याशिवाय त्याला सुरी लावायची नाही. याच नियमावर चेखवने १८८७ साली एक कथा लिहिली, ‘कझाक’. ईस्टरच्या पहाटे एक शेतकरी तरुण बायकोसह चर्चमधून घरी निघाला आहे. गाडीत नुकताच आशीर्वाद मिळालेला कुलिच आहे. वाटेत एक आजारी कझाक शिपाई भेटतो आणि पारण्यापुरता तुकडा मागतो. नवरा द्यायला तयार, बायको नाही म्हणते. वाटेत केक चिरून त्याचे रूप घालवणे हे तिच्या मते पापच. गाडी पुढे जाते. घरी गेल्यावर नवऱ्याला चैन पडत नाही. तो कझाकाला शोधायला परत येतो, पण माणूस कुठल्या कुठे गेलेला असतो. तिथून त्या संसाराला जी उतरती कळा लागते, ती थांबत नाही. कथेत चमत्कार नाही, शाप नाही, फक्त एक न चिरलेला केक आहे. सणाचा नियम पाळताना सण हातून निसटतो कसा, हे मी तरी इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे वाचलेले नाही. टॉल्स्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीतली ईस्टरची रात्र पुष्कळांना माहीत असते. चेखवच्या या कथेकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

‘पुनरुत्थान’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. त्या कादंबरीचे रशियन नाव ‘वोस्क्रेसेनिये’. रविवारलाही रशियन भाषेत जवळजवळ हाच शब्द आहे, ‘वोस्क्रेसेन्ये’. म्हणजे रशियन माणूस दर आठवड्याला, आस्तिक असो की नास्तिक, एका वाराचे नाव घेताना पुनरुत्थानाचे नाव घेतो. नव्या राज्यकर्त्यांना ही अडचण किती खरी वाटली असेल, ते पुढच्या हकिकतीवरून दिसते.

१९२३ च्या वसंतात तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेने, कोमसोमोलने, ‘कोमसोमोल ईस्टर’ साजरा केला. त्याआधीच्या हिवाळ्यात ‘कोमसोमोल नाताळ’ झालाच होता. देवाच्या आणि धर्मगुरूंच्या बाहुल्या घेऊन मिरवणुका, विडंबनगीते, व्याख्याने. खेड्यापाड्यांतून लोक इतके बिथरले की पक्षालाच अशा प्रकारांना आवर घालावा लागला. मग पद्धत बदलली. ‘बेज्बोझ्निक’, म्हणजे ‘निरीश्वर’, हे नियतकालिक १९२२ च्या अखेरीस सुरू झाले होते. १९२५ मध्ये निरीश्वरवाद्यांचा संघ निघाला आणि १९२९ मध्ये त्याच्या नावाला ‘लढाऊ’ हे विशेषण लागले. या मंडळींच्या लिखाणात कुलिच वारंवार भेटतो. ईस्टरमुळे कामावरची गैरहजेरी वाढते, दारू वाहते, चुंबनांनी रोग पसरतात, आणि या सगळ्याच्या मधोमध टेबलावर तो उंच पांढऱ्या माथ्याचा केक. व्यंगचित्रकारांना तो काढायला सोपा होता, हेही एक कारण असावे.

खरा घाव मात्र दिनदर्शिकेवर पडला. १९२९ च्या शरद ऋतूत ‘अखंड कामाचा आठवडा’ आला. आठवडा पाच दिवसांचा, कामगारांचे पाच गट, प्रत्येक गटाला एक रंग आणि प्रत्येकाचा सुट्टीचा दिवस वेगळा. यंत्रे एकही दिवस थांबणार नाहीत, हा उघड हेतू. रविवार उरणार नाही, हा दुसरा. नवऱ्याचा रंग पिवळा आणि बायकोचा हिरवा असेल तर दोघे एका दिवशी घरी नाहीत. सगळ्या गावाने एका वेळी मोकळे असणे ही सणाची पहिली अट आहे. तीच काढून घेतल्यावर केक कुणासाठी भाजायचा? दोन वर्षांत पाच दिवसांचे सहा दिवस झाले, आणि सात दिवसांचा आठवडा व रविवारची सुट्टी १९४० च्या उन्हाळ्यात परत आली. या अकरा वर्षांत वाराला दुसरे नाव काही रुजले नाही.

याच काळात सामुदायिक शेती लादली गेली, कोंबड्या आणि गाई हिशोबात गेल्या. १९२९ ते १९३५ पाव रेशनकार्डावर होता. पांढरे पीठ, लोणी, अंडी यांची नावे घेणे म्हणजे स्वप्न सांगणे. चर्चमागून चर्च बंद झाली. त्यांची धान्याची गोदामे झाली, क्लब झाले, कुठे तुरुंग झाले. सुझ्दालच्या येव्हफिमी मठात झारच्या काळीही कैदी ठेवत. सोव्हिएत काळात राजकीय कैदी आले आणि १९४३ मध्ये स्टालिनग्राडला शरण आलेला फील्डमार्शल पाउलुससुद्धा त्याच भिंतींआड काही काळ होता.

आणि तरीही १९३७ चा तो आकडा पाहा. त्या वर्षी ६ जानेवारीला जनगणना झाली. तिच्यात स्टालिनच्या आग्रहाने एक प्रश्न घातला होता, तुम्ही देव मानता का? सोळा वर्षांवरील सुमारे नऊ कोटी ऐंशी लाख लोकांपैकी साडेपाच कोटींनी ‘मानतो’ असे सांगितले, म्हणजे निम्म्याहून जास्त. वर्ष कोणते ते ध्यानात घ्या. नाव-गाव लिहून घेणाऱ्या सरकारी माणसापुढे हे सांगायचे होते, आणि लहान गावात तो माणूस बहुधा ओळखीचाच असणार. जनगणना सदोष ठरवून दडपली गेली, ती करणारे अधिकारी पकडले गेले, काहींना गोळ्या घातल्या गेल्या. आकडे उजेडात यायला सोव्हिएत संघाची अखेर जवळ यावी लागली. मला या आकड्याचे मोल वाटते ते धर्मासाठी नव्हे. प्रत्येक गल्लीत निम्मी दारे काय सांगतात हे उरलेल्या निम्म्यांना ठाऊक होते, याचा तो पुरावा आहे.

युद्धाने सगळे ढवळले. १९४२ चा ईस्टर ५ एप्रिलला होता. रात्रीच्या प्रार्थनेला जाता यावे म्हणून मॉस्कोत त्या एका रात्रीपुरती संचारबंदी उठवली गेली. वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडवर त्याच सुमारास जर्मन विमानांचा मोठा हल्ला झाला. तिथे कुलिच कुठून येणार? हिवाळ्यात उपासमारीने माणसे रस्त्यात पडली होती. लोकांनी रेशनच्या काळ्या पावाचा तुकडा चर्चमध्ये नेला आणि त्यावर पाणी शिंपडून घेतले. ‘अख्खा’ केक घरी नेण्याचा नियम इथे संपला. वाटेवरच्या कझाकाला नाकारलेला तुकडा आता सगळ्यांच्याच हातात होता. पुढच्या वर्षी, ४ सप्टेंबर १९४३ च्या रात्री, स्टालिनने तीन धर्मप्रमुखांना क्रेमलिनमध्ये बोलावले आणि चर्चला मर्यादित जागा मिळाली. व्लादिमीरचे प्राचीन कॅथीड्रल १९४४ साली पुन्हा उपासनेसाठी उघडले. मग ख्रुश्चेव्हच्या काळात, १९५८ ते १९६४ या वर्षांत, उघडलेल्या दारांपैकी बरीच पुन्हा बंद झाली.

‘वसंत केक’ जन्मला तो या युद्धोत्तर दशकांत. सरकारी पाव-कारखाने वसंतात एक गोड, बेदाणे घातलेला, यीस्टचा केक बाजारात आणू लागले. नाव ‘केक्स वेसेन्नी’, वसंताचा केक. ईस्टरच्या आधी काही दिवस तो दुकानांत दिसे आणि नंतर दिसेनासा होई. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, दरवर्षी मागेपुढे होते. ज्या देशात धर्म ही खाजगी आणि सरत चाललेली बाब होती, तिथे नियोजन मंडळाच्या साखळीतल्या कोणीतरी दरवर्षी चर्चचे पंचांग उघडून पाहत असणार! नाहीतर केक वेळेवर कसा येईल? मला हा सोव्हिएत इतिहासातला फार बोलका तपशील वाटतो. बायका तो विकत घेत, माथ्यावर घरी साखरेचा लेप देत, आणि चर्चमध्ये नेत. विकणारीला ठाऊक, घेणारीला ठाऊक, कारखान्यातल्या व्यवस्थापकाला ठाऊक. कोणी नाव घेत नसे.

दुसरीकडे हालचाल उलट होती. ईस्टरच्या रात्री टीव्हीवर उशिरा परदेशी पॉप गाण्यांचा कार्यक्रम लागे. एरवी असली गाणी ऐकायला मिळणे दुर्मीळ. तरुणांनी घरीच बसावे हा उद्देश सगळ्यांना कळत होता, आणि त्यामुळे ईस्टर नेमका कधी आहे हे ज्याला माहीत नसे, त्यालाही टीव्हीवरून समजे. चर्चबाहेर स्वयंसेवकांचे कडे उभे राही. म्हाताऱ्या माणसांना आत सोडायचे, तरुणांना परत पाठवायचे. सोल्झेनित्सिनने १९६६ साली पेरेदेल्किनोमधल्या ईस्टरच्या मिरवणुकीवर एक लहानसे टिपण लिहिले. मेणबत्त्या घेतलेल्या थोड्या बायका आणि भोवती सिगारेटी फुंकत टवाळी करणारी पोरे, असे ते दृश्य. त्यातला राग समजतो. पण मला वाटते, मॉस्कोजवळच्या गर्दीत जे दिसले ते लहान गावात तसेच घडत नसे. गर्दीत माणूस अनोळखी असतो. सुझ्दालमध्ये टवाळी करणाऱ्या पोराची आजी त्या मेणबत्त्यांमध्ये असे.

चर्च दूर गेले तशी स्मशाने जवळ आली. ऑर्थोडॉक्स रिवाजाप्रमाणे मृतांना भेटायचा दिवस ईस्टरनंतर नवव्या दिवशी येतो. सोव्हिएत काळात लोक थेट ईस्टरलाच जाऊ लागले, कारण आईबापांच्या थडग्यावर जायला कोण मनाई करणार? नगरपालिकाच जादा बस सोडत. थडग्यावर कुलिचचा तुकडा, एक रंगवलेले अंडे, जरा व्होडका. पक्षाचे सभासदही येत. त्यांचेही आईबाप तिथेच होते.

आता पुन्हा १९८४. त्या वर्षी ईस्टर आला २२ एप्रिलला, म्हणजे लेनिनच्या जयंतीला. आदल्या शनिवारी देशभर सामुदायिक श्रमदान. सकाळी सुझ्दालचे रस्ते माणसांनी भरले होते. कोणी पाने गोळा करत होते, कोणी झाडांच्या बुंध्यांना चुना लावत होते. ‘‘बघ, सरकार आमचं घर झाडून देतंय,’’ आजी म्हणाली. स्वच्छ गुरुवार दोन दिवस उशिरा आला, एवढेच.

दुपारी ती एक जुनी बाबागाडी घेऊन निघाली. गाडीत नऊ कुलिच होते, वेगवेगळ्या टॉवेलांत बांधलेले. घरचे फक्त दोन. बाकीचे सकाळपासून मागच्या दाराने आले होते. आजी निवृत्त, तिची नोकरी जायची नव्हती, पेन्शन कापली जायची नव्हती. म्हणून गल्लीतल्या नोकरदारांचे केक तिच्या गाडीतून जात. टॉवेलांवरून ती केक ओळखे. हिरव्या चौकडीचा कुणाचा, असे मी विचारले. तिने ऐकलेच नाही. मित्राने नंतर इतकेच सांगितले की त्या घरात पक्षाच्या गाव-समितीतला एक माणूस राहतो.

त्या रात्री चर्चच्या फाटकावर ज्यांची नेमणूक होती त्यांत मित्राची आई होती. ती शाळेत भूगोल शिकवायची. विद्यार्थी आत जातात का, हे पाहून सोमवारी टिपण द्यायचे, अशी कामे शिक्षकांना लागत. म्हणजे आत तिची आई, आईच्या गाडीत तिचा स्वतःचा केक, आणि बाहेर ती, हातात वही. मित्राने मला कोपऱ्यापलीकडे जाऊ दिले नाही. परदेशी माणूस फाटकाशी दिसला तर लक्षात राहील आणि निस्तरावे आईला लागेल, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. त्यामुळे मी पाहिले ते लांबून : अंधार, दोन-तीन दिवे, बायकांची रांग. अकराच्या सुमारास दोन मुलगे आजीचा हात धरून आले. तिने त्यांना मोठ्याने ‘‘घरी जा’’ म्हटले, मग पाठ फिरवून दुसऱ्या शिक्षिकेशी बोलत राहिली. पुन्हा वळली तेव्हा मुलगे तिथे नव्हते. टिपणात तिने लिहिले, विद्यार्थी आढळले नाहीत.

खूप वर्षांनी मी तिला त्या रात्रीविषयी विचारले. तिला ती रात्र वेगळी अशी आठवतच नव्हती. दरवर्षी असेच काहीतरी होई, म्हणाली. मग तिने आपण होऊन दुसरी गोष्ट सांगितली. तरुणपणी दुसऱ्या एका गावी नोकरीला असताना अशाच रात्री तिच्या सहकाऱ्याने एका मुलीचे नाव लिहिले. मुलगी हुशार होती. कोमसोमोलचे शिफारसपत्र मिळाले नाही आणि पुढच्या शिक्षणाची जागा गेली. ‘‘तोही वाईट माणूस नव्हता,’’ ती म्हणाली. ‘‘तो गावात नवा होता. त्याला ती कुणाची मुलगी ते माहीत नव्हतं.’’

मी हे वाक्य पुष्कळदा मनात घोळवले आहे. घट्ट विणीच्या गावाचे आपण सहसा एकतर कौतुक करतो किंवा त्याला नावे ठेवतो. सगळ्यांना सगळे माहीत असणे हे तिथे पहाऱ्याचे साधन होते आणि तेच आडोशाचेही. कुलिचचा वास लपत नाही. वेलदोडा, लोणी आणि यीस्टचा तो वास पहाटे सगळ्या गल्लीत होता, अगदी हिरव्या चौकडीच्या घरापर्यंत. मुलीचे नाव लिहिणाऱ्या त्या शिक्षकाला कोणी आपला केक न्यायला दिला नसता आणि त्यानेही कुणाच्या हाती दिला नसता.

रविवारी सकाळी लाल झेंडे, लेनिनचे चित्र आणि प्रत्येक घरात टेबलावर रंगवलेली अंडी. आजीने कुलिच आडवा, चकत्यांनी कापला. माथ्याची पांढरी टोपी बाजूला ठेवली आणि उरलेल्यावर पुन्हा झाकण म्हणून बसवली. अंड्यांची टरफले आणि केकचे कण केरात टाकायचे नाहीत, ते पक्ष्यांना. दहाच्या सुमारास दारावर टकटक झाली. हिरव्या चौकडीच्या घरातले गृहस्थ टॉवेल न्यायला आले होते, कोटावर लेनिनचा बिल्ला. ‘‘सणाच्या शुभेच्छा,’’ ते म्हणाले. रशियन भाषेत कोणत्याही सणाला म्हणायचे शब्द तेच असतात, सणाचे नाव घ्यावे लागत नाही. ईस्टरला ‘ख्रिस्त उठला आहे’ असे कोणी म्हटले की उत्तर ठरलेले असते, ‘खरोखरच उठला आहे’. आजीने त्यांच्याकडे पाहत फक्त पहिला शब्द म्हटला, ‘‘खरोखरच!’’ ते क्षणभर गोंधळले, मग हसले, आणि चहाला बसले. त्या काळात ब्रेझ्नेव्हवरचा एक विनोद सगळीकडे चाले : कोणी त्यांना ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणते, आणि ते उत्तर देतात, ‘धन्यवाद, मला तशी माहिती मिळाली आहे.’ तो त्या गृहस्थांनीच मला त्या टेबलावर सांगितला.

चार वर्षांनी, १९८८ मध्ये, रशियाच्या ख्रिस्तीकरणाची हजार वर्षे सरकारच्या संमतीने साजरी झाली. चर्च परत मिळू लागली. वेष्टनावर ‘कुलिच’ हे नाव आले. आज ईस्टरआधी मॉस्कोच्या दुकानांत कुलिचचे डोंगर असतात आणि मोठे अधिकारी मेणबत्त्या घेऊन कॅमेऱ्यापुढे उभे राहतात. शिक्षण घेताना ज्यांनी निरीश्वरवादाची परीक्षा दिली, त्यांच्यातलेच पुष्कळ जण त्यात आहेत. मला त्यात थोडी खंत वाटते आणि ती वाटणे योग्य नाही हेही कळते. लपवावा लागणारा केक चविष्ट लागला म्हणून तो पुन्हा लपवावा लागो, असे कोण म्हणेल?

मित्राच्या आईकडे मी शेवटचा गेलो तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षे झाली होती. कुलिच दुकानातून आणला होता. गुडघे दुखतात, रात्रभर पिठापाशी बसवत नाही, म्हणाली. मग कपाटातून तिने एक डबा काढला. १९८४ च्या त्या शुक्रवारी मी आजीसाठी भेट म्हणून भारतीय इन्स्टंट कॉफी नेली होती. ती तेव्हा तिथे रांगेत उभे राहून मिळे. आजीने कॉफी लगेच बरणीत ओतली होती आणि डबा धुऊन घेतला होता. उंची नेमकी हवी तेवढी होती. घरातल्या सगळ्यात लहान मुलासाठीचा छोटा कुलिच तेव्हापासून दरवर्षी त्यातच भाजला गेला. डब्याचा तपकिरी रंग भट्टीत जळून काळा झाला होता. बुडाकडे ‘इंडिया’ या शब्दाची शेवटची दोन अक्षरे अजून वाचता येत होती.